झाडावरच्या सापाला घर कोठे द्यावे?

सापांविषयी बोलण्यासाठी कोणी व्यासपीठावर उभा राहिला, की समोरून दोन प्रश्न हमखास येतात. साप दूध पितो काय, हा पहिला; आणि साप डूख धरतो काय, हा दुसरा. या दोहोंचे उत्तर 'नाही' असे असून ते आजवर पुष्कळांनी पुष्कळ वेळा दिलेले आहे. परंतु अलीकडे एक तिसरा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे, आणि तो विचारणारे बहुधा तरुण असतात. 'झाडावर राहणारा एखादा सुंदर हिरवा साप घरी पाळायचा आहे. खर्च फार नको. कोणता निवडावा, आणि त्याला कशात ठेवावे?' वडीलधाऱ्यांना हा प्रश्न ऐकून हसू येते किंवा राग येतो. मला दोन्ही येत नाहीत. ज्या प्राण्याला पाहताच काठी शोधायची अशी आपली रीत, त्याला घर द्यावे असे कोणाला वाटू लागले, ही काही वाईट गोष्ट नव्हे. म्हणून या प्रश्नाला वरवरचे उत्तर न देता त्याचा शेवटपर्यंत माग काढावा, असे मी ठरविले आहे.

प्रथम हे पाहू या, की झाडावरचे साप म्हणजे कोणते. त्यासाठी फार दूर जावयास नको. जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या धारेवर टेकलेली आहे. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर ही नावे आपणा सर्वांच्या तोंडची आहेत. तेथील हिरड्याची झाडे, करवंदीच्या जाळ्या, कारवीचे रान आणि देवरायांतले जुने वृक्ष, हा या सापांचा मुलूख होय. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले ते मुख्यतः शेकरूसाठी; पण ज्या फांदीवरून शेकरू उडी घेते त्याच फांद्यांच्या खालच्या मजल्यावर आणखी कोणी भाडेकरू राहतात, हे आपल्या ध्यानात नसते.

त्यांतला सर्वांत ओळखीचा हरणटोळ. पोपटी रंग, चाबकाच्या दोरीसारखे बारीक लांब शरीर आणि पुढे निमुळते होत गेलेले तोंड. याच्या डोळ्यातील बाहुली आडवी असते, आणि डोळ्यापासून नाकाकडे एक पन्हाळीसारखी खाच गेलेली असते. त्या खाचेमुळे त्याला दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी समोरचे भक्ष्य पाहता येते आणि अंतराचा अंदाज नेमका बांधता येतो. वाऱ्याने पान हलावे तसा तो अंग डोलवीत सरड्याजवळ सरकतो. तो निमविषारी आहे. त्याचे विषाचे दात जबड्याच्या मागच्या बाजूस असतात, आणि माणसाला त्यापासून सहसा भय नाही. तो माणसाच्या टाळूवरच चावतो ही समजूत निराधार आहे. मादी अंडी न घालता पिलांनाच जन्म देते. भारतभर सर्वत्र हरणटोळ एकाच जातीचा आहे असे पूर्वी धरून चालत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्या एका नावाखाली अनेक निरनिराळ्या जाती दडलेल्या आहेत, असे दाखवून दिले. म्हणजे आपल्या कुंपणावरचा हा रोजचा पाहुणाही अजून पुरता ओळखीचा झालेला नाही.

दुसरा रुका, म्हणजेच रुखई. पाठ काशाच्या भांड्यासारखी तपकिरी, स्वभाव चपळ, वावर दिवसाचा. एका फांदीवरून दुसरीवर तो झेप घेतो. हा पूर्ण बिनविषारी असून बेडूक आणि सरडे हे त्याचे अन्न. तिसरा मांजऱ्या. याचे डोळे मोठे, बाहुली मांजरासारखी उभी, मान बारीक आणि डोके रुंद. हा रात्री हिंडतो आणि पालींवर गुजराण करतो. बिचारा निमविषारी, पण अंगावरच्या नक्षीमुळे लोक त्याला फुरसे समजून ठार मारतात. फुरसे आखूड आणि जाडसर असते, ते बहुधा जमिनीवरच राहते, आणि डिवचल्यावर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढते. एवढा भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ मांजऱ्यांचे प्राण वाचतील.

चौथा मात्र वेगळ्या पंक्तीतला आहे. त्याचे नाव चापडा. कोणी त्याला हिरवा घोणस म्हणतात. हाही हिरवा, हाही फांदीवर, आणि हाही याच डोंगरांतला. पण हा विषारी आहे. ज्याला 'सुंदर हिरवा साप' हवा आहे त्याने येथे क्षणभर थांबावे. हरणटोळ दोरीसारखा, चापडा जाडसर. हरणटोळाचे डोके बाणासारखे लांबट, चापड्याचे त्रिकोणी आणि मानेपासून स्पष्ट वेगळे. हरणटोळाची बाहुली आडवी, चापड्याची उभी. हरणटोळ दिवसा शिकार करतो; चापडा दिवसभर फांदीला शेपटीचा वेढा देऊन निपचित पडतो आणि रात्री जागा होतो. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो, आणि त्या खळग्याने त्याला अंधारातही भक्ष्याच्या अंगची ऊब कळते. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करण्यासाठी आपले आदिवासी बांधव झाडांवर चढतात, त्यांना ही दोन रूपे वेगळी ओळखावीच लागतात. पुस्तकात चित्र पाहून आलेल्या शहरी तरुणाची मात्र पहिल्याच दिवशी फसगत होऊ शकते. चापड्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच येतो. परंतु तीव्र वेदना आणि सूज ठरलेली. शिवाय आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवरून तयार होते. चापड्यासाठी ती बनविलेली नाही. तेव्हा 'निवड' हा शब्द वाटतो तितका सोपा नाही.

आता घराकडे वळू. झाडावरच्या सापासाठी पेटी करावयाची तर ती कशी असावी? जमिनीवरच्या सापाला लांबी-रुंदी लागते. याला उंची लागते. निदान तीन फूट उंच, आणि आत सापाच्या अंगाएवढ्या जाडीच्या आडव्या-तिरप्या फांद्या. कारण अंग टेकायला आधार नसेल तर हा साप विसावूच शकत नाही. लपण्यासाठी दाट पाने हवीत. उघड्यावर बसविलेला साप सतत भेदरलेला राहतो, आणि भेदरलेला साप अन्नाला तोंड लावीत नाही. हवा खेळती हवी म्हणून जाळी लावावी, तर तारेच्या खरखरीत जाळीवर हरणटोळ आपले निमुळते नाक घासून घासून रक्तबंबाळ करून घेतो. काच लावावी, तर त्याला काच कळत नाही आणि तो त्यावर तोंड आपटतो. पाण्याची वाटी ठेवली तरी तेवढ्याने भागत नाही. यातले पुष्कळ साप पानांवरचे थेंब चाटून तहान भागवितात. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी शिंपडणे आले. ओल फार झाली तर कातडीला रोग होतो, कमी पडली तर कात नीट सुटत नाही आणि तिचे तुकडे डोळ्यांवर चिकटून राहतात.

उष्णतेचाही प्रश्न आहे. सापाला स्वतःच्या अंगची ऊब नसते; तो ऊन-सावलीतून ती घेतो. घाटमाथ्याच्या दाट झाडीत त्याला दर हाताभर अंतरावर निराळे हवामान मिळते. तापले तर पानाआड, गारठले तर कोवळ्या उन्हात. आमच्या जुन्नर-मंचरच्या पत्र्याखालच्या खोलीत वैशाखात पारा चाळिशीकडे जातो, आणि पौषातल्या रात्री दोन रजया पुरत नाहीत. पेटीतला साप जाणार कोठे? म्हणजे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब, ही दोन्ही आपण वीज जाळून पुरवावयाची.

आणि मग अन्न. येथे सर्व हिशेब कोसळतो. हरणटोळ आणि रुका यांना बाजारात मिळणारे पांढरे उंदीर नको असतात. त्यांना सरडे, पाली, बेडूक हवेत, आणि तेही जिवंत, हलते. ते आणावयाचे कोठून? रानातूनच. म्हणजे एक साप पेटीत जगविण्यासाठी वर्षभर आपण आसपासची कुंपणे आणि ओढे लुटीत राहावयाचे. शिवाय रानातले सरडे-बेडूक आपल्या पोटातले जंत सापाला देतात. मोकळ्या, धडधाकट सापाचे ते फारसे बिघडवीत नाहीत. कोंडलेल्या, भेदरलेल्या सापाला तेच पुरे पडतात. त्यातून सापाच्या आजारावर औषध देणारा पशुवैद्य आपल्या तालुक्याच्या गावी मिळणे दुर्मीळ. पेटी स्वस्तात होईल; सुतार ओळखीचा असला तर फारच स्वस्तात होईल. पण पेटीचा खर्च एकदाचा आहे, आणि बाकीचा रोजचा. गाय घेताना आपण गाईची किंमत पाहत नाही, वैरणीची पाहतो. तोच न्याय येथेही लागू आहे.

एवढे करूनही ज्याला 'मी करीन' असे वाटते, त्याला आता कायदा सांगितला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले रानातले साप संरक्षणाखाली घेतले आहेत. त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे असा नाही. पकडणे, सापळ्यात अडकविणे, तसा प्रयत्न करणे, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नासणे, हेही शिकारच होय. तेव्हा हरणटोळ पकडून बरणीत ठेवणारा मुलगा आणि सापाचे कातडे विकणारा व्यापारी यांची कृत्ये एकाच कायद्याखाली गुन्हा ठरतात. गारुड्यांचे खेळ थांबले ते याच कायद्याने. हे कित्येकांना फार कडक वाटते. परंतु एकेका मुलाने एकेक साप नेला तर काय होईल, याचा हिशेब डोंगराला भागवावा लागतो, मुलाला नाही.

'मग परदेशी साप आणतो,' असे म्हणणारे काही निघतात. न्यू गिनीच्या अरण्यात एक हिरवा वृक्ष-अजगर असतो. पिलू पिवळे किंवा लालसर, आणि मोठेपणी पानासारखे हिरवे. दक्षिण अमेरिकेत वृक्ष-बोआ असतात. ते फांदीवर वेटोळ्यांची घडी घालून बसतात, आणि एकमेकांशी नाते दूरचे असूनही सारखे दिसतात. ते पाहून कोणालाही मोह व्हावा. त्यांना उंदरांवर वाढविता येते, हेही खरे. परंतु सर्व अजगर आणि बोआ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटीस' कराराच्या याद्यांत आहेत. आपल्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि २०२४ साली त्यासंबंधीचे नियम निघाले. आता असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची सरकारदरबारी नोंद केली पाहिजे. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिले झाली किंवा तो मेला, तरी कळविले पाहिजे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या दुकानात कागदाविना, कापडी पिशवीतून मिळणारा स्वस्त अजगर हा स्वस्त नसतो. तो बहुधा चोरून आणलेला असतो, आणि त्याच्या मागे वाटेत मेलेल्या अनेकांची किंमत असते. ओल्या अरण्यातल्या त्या जीवाला आपल्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे जगविण्याचा खर्च तर वेगळाच.

त्यातला एखादा निसटला तर? याचे उत्तर प्रशांत महासागरातील गुआम बेटाने दिले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालाबरोबर तेथे एक तपकिरी वृक्षसर्प पोहोचला. तो आपल्या मांजऱ्याच्याच गोत्रातला. तेथील पक्ष्यांना झाडावर चढणारा असा शत्रू ठाऊकच नव्हता. काही दशकांत बेटावरच्या मूळच्या बारा वनपक्ष्यांपैकी दहा त्या बेटावरून नाहीसे झाले. साप विजेच्या तारांवर चढून गावेच्या गावे अंधारात जाऊ लागली, ती गोष्ट निराळीच. तेथे साप कोणी हौसेने आणलाही नव्हता. आपण तर पैसे देऊन आणणार!

आपल्या तालुक्याला एक उदाहरण अगदी दाराशी आहे. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात बिबट्यांचे हल्ले वाढले, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभे राहिले. तेथील माणसे त्या जनावरांची निगा मनापासून राखतात. तरी तेथे जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, त्याला पिंजऱ्यातल्या येरझाऱ्याच आठवतात. एकदा पिंजऱ्याशी जुळलेले जनावर पुन्हा रानात सोडणे किती अवघड, हे ते केंद्र पाहिले म्हणजे समजते. बिबट्याला आपण नाइलाजाने कोंडतो. सापाला हौसेने का कोंडावे?

तर मग त्या तरुणाला आपण 'नाही' एवढेच सांगून परत पाठवावयाचे काय? नाही. त्याची हौस खरी आहे, आणि तिला रस्ता आहे. मी म्हणतो, सापाला घर जरूर द्यावे. फक्त त्या घराला दार नसावे.

ज्याच्या घरामागे दोन गुंठे जागा आहे त्याने सिमेंटची भिंत घालण्याऐवजी एका बाजूला जिवंत कुंपण करावे. करवंद, अडुळसा, मेंदी, एका कोपऱ्यात बांबूचे बेट, त्यावर एखादा वेल. खाली पालापाचोळा राहू द्यावा. तो जाळू नये. सावलीत एक उथळ पाणवठा ठेवावा. फवारणी टाळावी. पावसाळा सरेतो तेथे बेडूक येतील, सरडे येतील, सापसुरळ्या येतील; आणि जेथे ते आले तेथे हरणटोळ किंवा रुका केव्हातरी येईलच. आला तर त्याला लांबून पाहावे, वहीत तारीख, वेळ, हवा आणि तो काय करीत होता हे लिहावे. असे दोन-तीन वर्षे केले तर जी माहिती जमेल ती पेटीतल्या सापाने कधीच दिली नसती. हा सर्व खर्च एका पिंजऱ्याच्या खर्चाहून अधिक होणार नाही. एक पथ्य मात्र आहे: हे कुंपण घराच्या भिंतीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावे, धान्य आणि सरपण त्याच्याजवळ रचू नये, कारण तेथे उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग आणि घोणस येतात. रात्री बाहेर पडताना हातात विजेरी आणि पायांत पादत्राण असावे.

ज्याला जवळून पाहावयाचे आहे त्याने पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात जावे. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने ते १९८६ मध्ये सुरू झाले. हाफकिन संस्थेतील डॉ. देवरस यांनी भारतातील सापांवर लिहिलेले पुस्तक १९६५ साली निघाले. त्या पिढीने सापाकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी महाराष्ट्राला दिली. त्यानंतर गावोगावी सर्पमित्र उभे राहिले. त्यांच्या कामाचाही अर्थ नीट समजून घ्यावा: साप घरात शिरला तर तो सुखरूप बाहेर नेऊन सोडणे, एवढेच त्यांचे काम. तो गळ्यात घालून छायाचित्रे काढविणे हे सर्पमैत्रीचे लक्षण नव्हे. घरात साप आला तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे, दुरून नजर ठेवावी, आणि काठी शेजाऱ्याकडेच राहू द्यावी.

दंशाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून हे व्याख्यान संपविणे बरोबर होणार नाही. साप चावला तर मंत्र नको, चिरा नको, तोंडाने विष चोखणे नको, दोरीने आवळून बांधणे नको. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, अंगठी-बांगडी काढावी, आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. नारायणगावसारख्या ठिकाणी डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्या डॉक्टरांनी सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातले आहे. त्यांच्या दारापर्यंत रोगी वेळेवर पोहोचविणे हे आपले काम. भगताकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

श्रोतेहो, 'कोणता साप निवडावा' या प्रश्नाने आपण सुरुवात केली होती. मला वाटते, निवड आपण करावयाचीच नाही. ती सापाने करावी. आपण फक्त त्याला यावेसे वाटेल अशी जागा राखावी. येत्या मृगात एखादे करवंदीचे रोप कुंपणाशी लावा. ते वाढायला वेळ घेईल, काटे टोचतील, शेजारी नावे ठेवतील. पण एखाद्या सकाळी त्या जाळीतली एक हिरवी फांदी वारा नसताना हलेल, आणि तेव्हा तुमच्या मुलाला तुम्ही बोटाने दाखवू शकाल, की तो पाहा, आपल्याकडे राहावयास आला आहे.